पहिलं बोन्साय: वडापासून सुरुवात करा

बोन्साय, म्हणजे कुंडीत छाटून-वळवून लहान ठेवलेलं झाड, करायचंय? मग जुनिपर या थंड हवेतल्या, सूचिपर्णी झाडाच्या नादी लागू नका. फोटोत देखणा दिसतो, पण पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात तो जगवणं नवख्याचं काम नाही. नर्सरीतून वड किंवा उंबर घ्या. उंची बघू नका, बुंधा जाड हवा. लगेच उथळ कुंडीत कोंबायची घाई कशाला? वर्षभर साध्या कुंडीत वाढू द्या.

काळी माती नकोच, पाणी धरून मुळं कुजवते. विटांचा चुरा चाळून धूळ काढा, २ ते ५ मिमीचे तुकडे ठेवा, त्यात थोडं गांडूळखत. बोट खुपसून बघा, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी.

मुळं पावसाळ्याच्या तोंडावर छाटा. फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार सालीत रुतायच्या आत तुकडे करून काढा, उलगडत बसलात तर फांदी मोडेल. आणि हो, टीव्हीशेजारी ठेवायची शोभेची वस्तू नाही ही, ऊन लागतं तिला!