ओळखपत्रावरचा एक रकाना

प्रिय विद्यार्थीमित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा कच्चा खर्डा दोनदा वाचला. वसाहतकाळातल्या राज्यकर्त्यांचे वंशश्रेष्ठत्वाचे उद्गार तू मेहनतीने जमवले आहेस आणि त्यामागचा तुझा संताप मला पटतो. पण त्या उद्गारांवरून तू थेट आजच्या रक्तपातावर उडी घेतोस, तिथे माझे मन अडते. मधली वाट सरकारी दप्तरातून जाते, आणि ती चालल्याखेरीज तुझे म्हणणे सिद्ध होणार नाही.

रवांडाचेच घे. हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन समाजांतले भेद युरोपीय येण्याआधीचे आहेत, आणि राजा र्वाबुगिरीच्या काळात हुतूंवर लादलेल्या वेठबिगारीने त्यांतली दरी रुंदावली होती, हे आधी प्रामाणिकपणे लिही. तरीही दोघांची भाषा एकच होती, आणि एकाच कुळात हुतूही असत, तुत्सीही असत. १८६३ मध्ये जॉन स्पीक या इंग्रज प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात तर्क मांडला की या भागातले राजवंश इथिओपियाकडून आलेल्या वरच्या वंशाचे असावेत. आफ्रिकेतल्या काळ्या माणसाने स्वतःच्या बळावर राज्य उभारले असेल, हे त्याला मान्यच नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर देश बेल्जियमकडे गेला आणि हाच तर्क कारभाराचा पाया झाला. तुत्सी सरदारांना दूर केले तर अराजक माजेल, असे १९३० मध्ये तिथले कॅथलिक बिशप लेऑन क्लास यांनी बजावले. हुतू मुखिया पदांवरून गेले, शाळांतही तुत्सी मुलांना झुकते माप मिळाले.

१९३३-३४च्या सुमारास शिरगणती झाली आणि ओळखपत्रे आली. १९९४ पर्यंत चाललेले ते कार्ड नीट पाहा. त्यावर ‘उब्वोको’ असा रकाना आहे. हा शब्द मूळचा कुळासाठीचा. पुढे हुतू, तुत्सी आणि ट्वा (तिथला तिसरा, छोटा समाज) अशी नावे छापलेली, आणि लागू नसलेल्या नावांवर काट मारलेली. बापाची नोंद तीच मुलाची.

१९५९च्या उठावात बेल्जियमने बाजू बदलली, १९६२ मध्ये स्वातंत्र्य आले, सत्ता हुतू पुढाऱ्यांकडे गेली. रकाना मात्र त्यांनीही पुसला नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये लेऑन मुगेसेरा या हुतू पुढाऱ्याने जाहीर भाषणात तुत्सींना न्याबारोंगो नदीतून इथिओपियाला परत धाडण्याची भाषा केली. स्पीकचा तर्क असा मारेकऱ्यांच्या तोंडी आला. १९९४ मध्ये रस्तोरस्ती नाकेबंदी करून, तुत्सी कोण हे ओळखण्यासाठी कार्डे तपासली गेली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली आणि त्याच नदीने प्रेते व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत नेली.

आपल्याकडेही ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांनी नाकाची मापे घेऊन जातींची वंशवार उतरंड लावली होती. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चर्मकार वंशाने एकच आहेत, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ठामपणे मांडले. तो युक्तिवाद मुळातून वाच.

एका गोष्टीला मात्र जप. दोष बेल्जियमचा मोठा असला, तरी कोयता उचलणाऱ्याचा अपराध त्याने हलका होत नाही, आणि तुझ्या खर्ड्यात तो हलका झाला आहे.

पुढच्या खर्ड्यात पूर्व काँगोवर एक प्रकरण हवे. बेल्जियमने रवांडातून मासिसीच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशजांचे नागरिकत्व तिथे आजही वादात आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर बंडखोरांच्या हाती गेले, तेव्हाही हाच वाद पुढे केला गेला. त्या मजुरांच्या स्थलांतरापासून सुरुवात कर.

तुझा,
मार्गदर्शक