सांगलीत बसून रेडिओ फोर ऐकताना

आपण बीबीसी रेडिओ फोर (ब्रिटनमधील बातम्या, चर्चा व नाटकांची इंग्रजी नभोवाणी वाहिनी) नुकतेच ऐकू लागला आहात, म्हणून प्रथम घड्याळाचे सांगतो. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. त्यामुळे तेथे सकाळी सहाला सुरू होणारा ‘टुडे’ हा बातम्या व मुलाखतींचा कार्यक्रम सांगलीत कधी साडेअकराला, तर कधी साडेदहाला ऐकू येतो.

१९५७ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमाने आरंभ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाखतकार व मंत्री एकमेकांचे बोलणे तोडत असताना नवख्या कानाला काहीच हाती लागत नाही.

त्याऐवजी जहाजांसाठीचा सागरी हवामान अंदाज ऐकावा. डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी ३१ सागरी क्षेत्रांची नावे ठरलेल्या क्रमाने आणि संथ गतीने वाचली जातात, आणि प्रत्येकाबाबत वारा, हवामान व दृश्यमानता एवढेच मोजक्या शब्दांत सांगितले जाते. पावसाळ्यात कृष्णा नदीवरील आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांत ऐकण्याची सवय असलेल्या आपल्याला (समुद्र कितीही दूर असला तरी) या नेमकेपणाचे मोल सांगायला नको.

त्यानंतर ‘द आर्चर्स’ ही ग्रामीण कुटुंबांची मालिका घ्यावी. १९५१ मध्ये ती देशभर सुरू झाली, तेव्हा युद्धोत्तर टंचाईच्या काळात शेतकऱ्यांपर्यंत सुधारित शेतीची माहिती पोहोचवणे हाही तिचा हेतू होता. गाई-म्हशींच्या घरात वाढलेल्यास तिच्यातील निम्मे संवाद शब्दकोशाविना कळतात. थेट प्रसारण आपल्याकडे रात्री उशिरा येते. ध्वनिमुद्रित भाग दुसऱ्या दिवशी दोनदा ऐकावा.