वाचकांचे प्रश्न : नकाशा उघडा ठेवून वाचायची पुस्तकं

प्रश्न : माणूस, जागा आणि निसर्ग यांचं नातं उलगडणारं अवांतर पुस्तक नववीच्या मुलांना द्यायचं आहे. पण दहा पानांतच ती स्थळांच्या नावांत अडकतात आणि पुस्तक मिटतात. सुरुवात कशाने करावी?

उत्तर : निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड वॉलेस यांच्या ‘द मले आर्किपेलागो’पासून (1869). अख्खं पुस्तक हातात देऊ नका, जाड आहे. इंडोनेशियातल्या बाली आणि लोंबोक या दोन बेटांपुरताच भाग द्या. मधली सामुद्रधुनी जेमतेम 35 किलोमीटर, हवामानही सारखंच. तरी बालीत तांबट आणि सुतार हे पक्षी दिसतात, तर पलीकडे लोंबोकवर काकाकुवे. असं का, याचं उत्तर लगेच सांगून टाकू नका. आधी ॲटलासमध्ये समुद्राच्या निळ्या छटा पाहायला लावा. जावा-बालीभोवतीची छटा फिकी, म्हणजे समुद्र उथळ. या सामुद्रधुनीत ती गडद. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे 120 मीटर खाली गेली तेव्हा बाली आशियाच्या भूमीला जोडलं गेलं, पण ही सामुद्रधुनी काही कोरडी पडली नाही, आणि आशियातले बरेच प्राणी-पक्षी अलीकडेच अडले. उथळ-खोल समुद्राचा धागा वॉलेसच्या पुस्तकातही आहे. 120 मीटरचा आकडा मात्र नंतरच्या संशोधनाचा आहे.

नावांचा गोंधळ टाळायला प्रत्येकाला कोरा आराखडा नकाशा द्या. एका बैठकीत पाच-सहाच ठिकाणं भरायची, बाकीची नावं खुशाल गाळायची. नकाशाची झेरॉक्स लहान करून काढलीत, तर ‘1 सेंमी = 50 किमी’ हे शब्दप्रमाण खोटं ठरतं, अंकप्रमाणही (1:50,00,000 असं गुणोत्तर). रेषाप्रमाणाची पट्टी नकाशाबरोबरच आक्रसते, म्हणून अंतर तिच्यावरूनच मोजायचं. मुलांची मोजमापं चुकतात ती बहुधा इथेच.

प्रश्न : जॅरेड डायमंड यांचं ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ अकरावी-बारावीला द्यावं का? काही समाज पुढे का गेले, हे सांगताना सगळं भूगोलावर ढकलणारं पुस्तक, अशी टीका ऐकली आहे.

उत्तर : द्या, पण एकटं नको. पिकं पूर्व-पश्चिम सहज का पसरतात, हा त्यातला उत्तम भाग. अक्षांश तोच राहिला की दिवसाची लांबी आणि ऋतूही साधारण तेच राहतात. मेक्सिकोतला मका उत्तरेकडे सरकायला फार काळ लागला, कारण लांब दिवसांत वाढून वेळेवर पिकणारे वाण तयार व्हावे लागले. माणसांनी घेतलेले निर्णय आणि सत्तेचं राजकारण यांना मात्र हे पुस्तक कमी जागा देतं. टीका रास्तच आहे. म्हणून जोडीला जॉर्ज पर्किन्स मार्श यांच्या ‘मॅन अँड नेचर’मधलं (1864) जंगलांवरचं प्रकरण ठेवा. तिथे बाण उलटा फिरतो : माणूस झाडं तोडतो, उताराची माती वाहून जाते, पावसात ओढा फुगतो आणि उन्हाळ्यात आटतो. भाषा जड आहे, तळटीपा तर लांबच लांब. पहिल्या वाचनात त्या सोडल्या तरी चालतं.

प्रश्न : जुन्या पुस्तकांतले आकडे मुलांनी उतरवून घ्यावेत का?

उत्तर : लोकसंख्या, सीमा, देशांची नावं नकोत, ती ताज्या ॲटलासमधून घ्यावीत. डोंगर-नद्यांचं वर्णन बहुतेक टिकतं, धरणं आणि किनारे तेवढे तपासा. आणि साल पाहताना पुनर्मुद्रणाचं नाही, पहिल्या आवृत्तीचं पाहा.