आधी अस्तर भिजवा

प्रश्न : ताई, म्हापशात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. चतुर्थी जवळ आली की ब्लाउजांचा ढीग लागतो. सकाळी कामांची यादी करते, पण फॉल-पिको, हूक, चेन बदलणं ही बारीक कामं उरकता उरकता दुपार होते. बेतायला बसेपर्यंत संध्याकाळ, तेव्हा डोकं चालत नाही. क्रम लावायचा कसा?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : मी स्वतः शिवणकाम करणारी, त्यामुळे यादी न बघताच सांगते, तिच्यात अस्तर भिजवणं नसणार. सुरुवात तिथूनच करा. सुती अस्तर पाण्यात आटतं, म्हणून बेतण्याआधी भिजवून वाळवावंच लागतं. आणि भाद्रपदात आपल्याकडे पाऊस लागला की ते एका दिवसात वाळेल याची खात्री नाही. अस्तर ओलं तर बेतणं अडलं, बेतणं अडलं तर मशीन रिकामं. काम दहा मिनिटांचं, पण पुढचं सगळं त्याच्यावर खोळंबतं. असं काम पहिलं. ब्लाउजपीस हातात आला त्याच संध्याकाळी अस्तर बादलीत गेलं पाहिजे.

बेतणं सकाळी, शटर अर्धं खाली असताना. मशीनवर बसून गिऱ्हाइकाशी बोलता येतं, कात्री हातात असताना नाही. चुकलेली शिवण उसवता येते. गळा जास्त कापला गेला की कापड गेलं. फॉल-पिको दुपारी घ्या, तेही एका रंगाच्या दोऱ्याची कामं एकत्र करून.

शुक्रवारी बाजार. गावागावांतून बायका येणार, त्या दिवशी मापं, ट्रायल आणि तयार कपडे देणं, एवढंच. बेतायचं नाव काढू नका.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मधल्या एका भाषणात एका माजी कॉलेजप्रमुखाचं म्हणणं सांगितलं होतं : तातडीच्या अडचणी महत्त्वाच्या नसतात आणि महत्त्वाच्या कधीच तातडीच्या नसतात. पहिला भाग मला पटतो. चेन बदलायला आलेली बाई समोर उभी असते म्हणून तिचं काम तातडीचं वाटतं. दुसरा भाग दुकानात टिकत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी न बेतलेला ब्लाउज तातडीचाच होतो.

म्हणून तारीख देताना आधी वही उघडा. शेजारीण असो की नणंद, त्या दिवसाचं पान भरलं असेल तर पुढची तारीख सांगा. चतुर्थीआधीचे शेवटचे तीन दिवस नव्या शिलाईसाठी कुणालाच देऊ नका. हूक, काजं आणि ट्रायलनंतरची दुरुस्ती यांतच ते जातात.