सिन्नरजवळ विहीर खोदताना सापडलेल्या गारगोट्या संग्रहालयाला द्यायच्या आहेत, काय काळजी घ्यावी?

आधी गाव, गट क्रमांक, खोली आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक नमुन्याला लावा, आणि ॲसिडने साफ करणं पूर्ण टाळा. ठिकाणाची नोंद नसेल तर अभ्यासाच्या दृष्टीने नमुन्याचं मोल फार घटतं. तो फक्त शोभेचा दगड उरतो. आपल्याकडच्या सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमधल्या (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडातल्या) पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली खनिजं आणि अपोफिलाइट मिळतात. बऱ्याच झिओलाइटांवर आणि कॅल्साइटवर ॲसिडचा परिणाम होतो, चकाकी जाते. माती मऊ ब्रशने, साध्या पाण्याने काढा. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवू नका, अपोफिलाइटला तडे जाऊ शकतात. सुयांसारखे स्फटिक मात्र धुऊही नका. ते कापसातही गुंडाळू नका, कारण तंतू अडकतात आणि सोडवताना सुया तुटतात. खालचा काळा दगड खोक्यात घट्ट बसवा, वरची बाजू मोकळी ठेवा. तो दगड फोडून वेगळा करू नका, स्फटिक कशावर वाढला हे त्यावरूनच कळतं.

एक लक्षात घ्या: स्टिल्बाइट इथे मुबलक आहे, त्यामुळे प्रत्येक नमुना स्वीकारला जाईलच असं नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, आधी तो पाठवा. जाण्याआधी सिन्नरच्या एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय बघितलंत तर आपल्या नमुन्याचा दर्जा ताडून पाहता येईल.