पॉइंट टू टू म्हटलं म्हणजे सगळंच चालतं असं नाही

प्रश्न: सासऱ्यांची जुनी बोल्टवाली सिंगल शॉट रायफल आता रीतसर माझ्या लायसन्सवर चढली आहे. नळीवर पॉइंट २२ आणि पुढे एस, एल, एलआर असं कोरलंय. ओळखीचे एक जण म्हणतात मॅग्नम पण पॉइंट २२च असतं, चालेल, नाही बसलं तर चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, थोडं मोठं करून घ्या. आणि शॉर्ट मारल्याने रायफल खराब होते का?
– एक वाचक, दिंडोरी रोड, नाशिक

उत्तर: मॅग्नमचं आधी सांगतो कारण तिथे बोटं आणि डोळे जायची भीती आहे. अजिबात नको, आणि चेंबर मोठं करायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. १९५९ साली विंचेस्टरने जे मॅग्नम काढलं त्याची पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) तुमच्या एलआर म्हणजे लाँग रायफल काडतुसापेक्षा लांब तर आहेच, जाडही आहे, एलआर साधारण ५.७ मिलीमीटर आणि मॅग्नम ६.१, त्यामुळे तुमच्या रायफलीत ते सरळ आत जाणारच नाही आणि अडलं की लोक बोल्ट जोरात ढकलतात. तसं करू नका हो. रिमफायरमध्ये, आणि ही सगळी काडतुसं त्यातलीच, पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेच्या आतच भरलेला असतो, कडेवर फायरिंग पिन आपटली की बार उडतो, म्हणजे तुम्ही जोर लावताय तो नेमका त्या कडेवर.

उलटा प्रकार जास्त फसवा आहे, कुणाकडे मॅग्नमची रायफल असेल आणि त्यात एलआर टाकली तर ती आरामात आत जाते आणि बहुतेक वेळा उडतेही, म्हणून माणसाला वाटतं की जमलं. पण ढिल्या चेंबरमध्ये पातळ पितळ फुगतं, मग उभी चीर पडते आणि गरम गॅस मागे तोंडावर येतो. अशी पुंगळी हातात घेऊन बघितली की लगेच कळतं, मधोमध पोट सुटलेलं आणि एका बाजूला काजळी. काही रिव्हॉल्व्हर दोन्ही मारतात हे खरंय, पण त्यांना एलआरचं वेगळं आणि मॅग्नमचं वेगळं असे दोन सिलिंडर येतात, नळी तेवढी एकच.

आता तुमच्या नळीवरची अक्षरं. एस म्हणजे शॉर्ट, हे १८५७ चं, स्मिथ अँड वेसनच्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी निघालेलं. एल म्हणजे लाँग आणि एलआर म्हणजे लाँग रायफल, ते १८८७ चं. तिघांची जाडी आणि कड सारखीच, फरक लांबीत आणि गोळीत, शॉर्टची पुंगळी १०.७ मिलीमीटर तर एलआरची १५.६, गोळीचं वजन शॉर्टचं साधारण २९ ग्रेन आणि एलआरचं ४०. म्हणून तुमच्या रायफलीत तिन्ही बिनधास्त चालतात, कंपनीनेच तसं कोरलंय. ज्यावर फक्त एलआर लिहिलंय अशा सेमी ऑटोमध्ये मात्र शॉर्टला बोल्ट मागे ढकलण्याएवढा दम नसतो, दर वेळी हाताने ओढत बसावं लागतं.

खराब होण्याचं म्हणाल तर शॉर्टची पुंगळी जिथे संपते त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत शिसं, मेण आणि काजळीचं एक कडं जमतं. थोड्याच शॉर्ट मारल्या तर काही जाणवत नाही, पण भरपूर मारून साफ न करता एलआर घातली की ती त्या कड्यावर अडते, बोल्ट जड बंद होतो आणि रिकामी पुंगळी चिकटून बसते. यावर उपाय म्हणजे पितळी ब्रश, आणि तो नळीत नाही तर चेंबरमध्ये फिरवायचा, नुसतं एनसीसीत शिकवतात तसं पुलथ्रू (चिंधी बांधलेली दोरी) ओढून हे कडं निघत नाही. नेमही थोडा बिघडतो कारण शॉर्टची गोळी नळीतल्या आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना) लागायच्या आधी मोकळ्यात उडी मारते.

लायसन्स एकदा नीट वाचा, हत्याराचं जे कॅलिबर त्यावर आहे त्याचीच काडतुसं मिळतात. मॅग्नम हवंच असेल तर ते वेगळं हत्यार आणि वेगळी परवानगी.

प्रश्न: मुलगी ५० मीटर रायफल शिकतेय. शॉर्टने धक्का कमी बसतो असं ऐकलं, प्रॅक्टिसला वापरू का? आणि जास्त वेगाचं स्टिंगर काडतूस?
– एक पालक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: दोन्ही नको. शॉर्टचं नाव झालं ते २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलमुळे, तिथे पटापट पाच बार टाकायचे म्हणून कमी उसळी कामाची होती, पण २००५ पासून नियमाने तिथेही एलआरच आली आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधलं नेमबाज विजय कुमारचं याच प्रकारातलं रौप्य त्यानंतरचंच. त्या जुन्या शॉर्टच्या पिस्तुलांत एलआर बसतही नाही. ५० मीटरला तर एलआरच, आपल्या नाशिकमध्येच घडलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं तेही याच काडतुसावर.

स्टिंगरची पुंगळी नेहमीच्या एलआरपेक्षा जवळपास दोन मिलीमीटरने लांब आहे आणि मॅच रायफलचं चेंबर मुद्दाम घट्ट आणि आखूड कापलेलं असतं, पुंगळीचं तोंड पुढे आवळलं जातं आणि प्रेशर वाढतं, खुद्द बनवणारी कंपनीच मॅच चेंबरमध्ये वापरू नका म्हणते. तिला स्टँडर्ड वेगाचंच द्या, साधारण ३२५ मीटर सेकंदाला, ते आवाजाच्या वेगाखाली राहतं म्हणून गोळी वाटेत डगमगत नाही. कोचला विचारून दोन-तीन लॉट (एकाच खेपेत बनलेली काडतुसं) मारून बघा, ज्या लॉटचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा घोळका, सगळ्यात लहान येईल त्याचीच जास्त खोकी घेऊन ठेवा.