टाकी नंतर घ्या, आधी खड्डे कुठे खणायचे ते ठरवा

तुम्ही विचारलंय की वाळवंटी शहरात वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस, छप्पर १०० चौरस मीटर, तर हजार लिटरची टाकी पुरेल का. नाही पुरणार, पहिल्याच मोठ्या सरीला वाहून जाईल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर, म्हणजे वर्षाचे २५ हजार, वाया जाणारं वजा करून २० हजार लिटर धरा. पण हा पाऊस मोजक्या दणदणीत सरींत येतो, २५ मिलिमीटरच्या एका सरीतच दोन हजार लिटर खाली येतात, मग निम्मं पाणी रस्त्यावर!

म्हणून मी म्हणेन आधी पाणी जमिनीत मुरवा. पावसात बाहेर उभं राहून बघा पाणी कुठून कुठे पळतंय, आणि त्या वाटेवर झाडांच्या बाजूला पसरट, सपाट तळाचे खड्डे घ्या, घराच्या पायापासून तीनेक मीटर लांब. खणायच्या आधी एक छोटा खड्डा पाण्याने भरून बघा, दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर खाली बहुधा चुनखडीचा टणक थर लागलाय, तो फोडा नाहीतर जागा बदला. वर पालापाचोळा, लाकडाच्या ढलप्या जाड पसरा कारण अशा उन्हात उघडी माती दोन दिवसांत कोरडी पडते. झाड मात्र खड्ड्याच्या मधोमध नको, काठावर लावा, नाहीतर खोड कुजतं. अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये तर लोक रस्त्याच्या कडेचा सिमेंटचा उंचवटा कापून रस्त्यावरचं पाणीसुद्धा झाडांच्या खड्ड्यात घेतात. तिथे २००८ साली नियमच झाला की नवीन व्यावसायिक इमारतींनी बागेचं निम्मं पाणी पावसातून भागवायचं.

मग टाकी. अपारदर्शक घ्या, नाहीतर शेवाळ धरतं, तोंडांना बारीक जाळी, आणि ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाएवढाच जाड ठेवून खड्ड्याकडे वळवा. पहिल्या सरीचं पाणी चहासारखं येतं, महिनोन्‌महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते ना, तुमच्या छपराचे पहिले १०० लिटर तरी बाहेर सोडा. थारमध्ये टांका, म्हणजे पावसाच्या पाण्याची जमिनीखालची टाकी, असलेल्या घरी पावसाआधी आगोर, म्हणजे पाणी जमा होतं ती जागा, झाडून ठेवतात, तेच छपराचंही करा.

वॉशिंग मशिनचं पाणी तर बारा महिने मिळतं, ते सोडू नका. मशिनचा पंपच ते पाइपातून झाडांकडे ढकलतो, फक्त पाइपला एक व्हॉल्व्ह लावा म्हणजे लंगोट वगैरे धुताना ते गटारात सोडता येईल. साबण बोरॅक्स नसलेला आणि कमी सोडियमचा बघा, कारण या मातीत क्षार आधीच जास्त आणि धुऊन काढायला पाऊस नाही. त्यासाठीच जिथे हे पाणी जातं त्याच झाडांकडे छपराचं पाणीही वळवा, क्षार मुळांच्या खाली जातील. साठवून ठेवू नका, दिवसभरात वास मारतं. पालेभाज्या, गाजर, मुळा यांनाही नको.

आरओचं टाकाऊ पाणी खारट असतं, ते फरशीला नाहीतर संडासात वापरा. आणि हो, आजच फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर वॉशर गळतोय, तो आधी बदला.